मनकर्णाबाईचं नाक आणि द्वारकेच्या कोंबड्या

मनकर्णाबाईला ज्यांची किळस येत नाही अशा वस्तू जगात बोटांवर मोजाव्यात इतक्याच. तुळस, ताजं शेण, जात्यातून नुकतं पडलेलं ज्वारीचं पीठ, उन्हात खडखडीत वाळलेलं लुगडं. झालं. बाकी सगळ्या दुनियेसाठी तिच्याकडे एकच शब्द होता, ‘शी’. हा शब्द ती म्हणत नसे, सोडत असे. आधी नाकपुड्या फुगायच्या, मग पदराचं टोक वर जायचं आणि दातांच्या फटीतून तो सरकन बाहेर पडायचा. करमाडपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात तिला तोंडावर मावशी म्हणत आणि माघारी शीबाई. तिला ते ठाऊक होतं. म्हणणाऱ्यांच्या तोंडाला वास मारतो, एवढंच तिचं त्यावर म्हणणं.

नाक तिला जन्मानंच तिखट मिळालेलं. माहेरी, देवगाव रंगारीला, दूध नासायच्या आदल्या दिवशी ती सांगायची की हे उद्या नासणार. लग्नात अंतरपाट खाली गेला, समोर पुंजाराम उभा, आणि त्याच्या तोंडातला तंबाखूचा भपकारा असा आला की हिनं मान फिरवली. हार नवऱ्याच्या गळ्यात पडायच्या ऐवजी कानाला लटकला. पुढं तीस वर्षं तिनं त्याला चूळ भरल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. तो गेला तेव्हा ती रडली, नाही असं नाही. पण आधी त्याच्या उशाखालची तंबाखूची डबी दोन बोटांच्या चिमटीत धरून उकिरड्यावर टाकून आली, हात धुतले, आणि मग रडायला बसली.

त्याच वर्षी तिनं गळ्यात माळ घातली. गावाला वाटलं, बाईचं मन देवाकडं लागलं. खरी गोष्ट अशी की भाऊबंदांच्या घरी जत्रेचं मटण शिजायचं, तिला आग्रहानं बोलावायचे, आणि त्या रश्श्यावरची तेलाची तर्री बघूनच तिला शिसारी यायची. माळ घातल्यावर कुणाची बोलवायची छाती झाली नाही. देव बिचारा आयता कामाला आला.

अशा बाईच्या घरात सुनेनं कोंबड्या आणल्या.

सून द्वारका, बिडकीनची. मुलगी हसतमुख, पण एकदा मनात घेतलं की बैलासारखी खाली मान घालून ओढणारी. मुलगा कारभारी वाळूजच्या एका कंपनीत कामाला. बैल विकले, गोठा रिकामा पडला, आणि बचत गटाच्या बायांबरोबर कुठंसं शिकून येऊन द्वारकेनं त्या गोठ्याला अर्धी भिंत, वर जाळी, वर पत्रे असं करून त्यात कोंबड्या सोडल्या. गावरानसारख्या दिसायच्या, अंडी जास्त द्यायच्या. मनकर्णाबाई त्या दिवशी जेवली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. गाय शेण टाकते आणि पुढं सरकते. मांजर उकरून झाकते. कोंबडी टाकते, वळते, आणि त्यातच दाणा शोधते. असल्या जिवाचं अंडं खाणारी माणसंही तिला तशीच वाटायची. शेवटी करार झाला. कोंबड्यांतून आल्यावर द्वारकेनं आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, आणि अंडी पुढच्या दारानं जाणार नाहीत, मागच्या बोळानं जातील. गाव हसलं. त्या अंड्यांना लोक माळकरी अंडी म्हणायला लागले.

तरी ती हे सगळं सोसत होती, त्याचं कारण वाळूजची खोली.

कारभारीला रोजच्या येण्याजाण्याचा वीट आलेला. पहाटे उठायचं, फाट्यावर जायचं, सगळं शहर ओलांडून पलीकडं, आणि संध्याकाळी तसंच परत. त्यानं कंपनीजवळ एक खोली बघून ठेवली होती. एकदा मायला दाखवायला घेऊन गेला. मनकर्णाबाईनं खोली बघितली, ओटा बघितला, आणि मग त्या ओट्याच्या भिंतीला लागून असलेलं दार उघडून बघितलं. आत संडास. म्हणजे भिंतीच्या या बाजूला भाकरी थापायची आणि त्या बाजूला कुणीतरी बसलेलं. मध्ये एक वीट. ती तिथून जी निघाली ती रिक्षा स्टँडवर येऊन उभी राहिली. पुढं दोन दिवस तिला भाकरीचा घास गिळताना ती वीट आठवायची.

द्वारकेलाही ती खोली नको होती. तिचं आणि नवऱ्याचं यावरून बरंच झालं, आणि शेवटी कारभारी म्हणाला, “मागच्या सालच्या कोंबड्या मानमोडीच्या रोगानं गेल्या. औंदाचा हिवाळा ह्या निघाल्या तर ऱ्हाऊ इथंच. नाय निघाल्या तर खोली. मंग कोनी काय बोलायचं नाय, तू बी नाय अन् माय बी नाय.”

मनकर्णाबाई ओसरीत तांदूळ निवडत ऐकत होती. तिच्या सगळ्या म्हातारपणाची सोय त्या हगऱ्या पाखरांच्या जिवावर येऊन बसली होती. तिला स्वतःचीच किळस आली.

*

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात द्वारका बाळंतपणाला माहेरी निघाली. थंडी यंदा आधीच येऊन बसलेली. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटायची नाहीत. द्वारकेचा भाऊ गाडी घेऊन आला, पिशव्या चढल्या, आणि ती अवघडलेल्या अंगानं सासूला कोंबड्यांपाशी घेऊन गेली. सासू दाराच्या दोन पावलं अलीकडं थांबली. नाकाला पदर.

“आत्याबाई, आत या ना जरा.”

“इथून दिसतंय मला. सांग.”

“खाली हे सोयाबीनचं भुसकट हाय ना, हे काढू नका. कोरडं हाय तवर ती त्यांची गादी हाय. जेवढं ओलं दिसंल तेवढंच उचलायचं अन् वरून कोरडं टाकायचं. रोज काठीनं हलवायचं.”

“घाणीला गादी म्हन्ती.”

“अन् हे बॅनर खालून बांधलेत वारं लागू नये म्हनून. पर वर, पत्र्याखाली, ही इतभर फट मोकळीच ऱ्हाऊ द्या. सांजच्याला मका टाका, रातभर पोटात ऊब ऱ्हाती. सकाळी पानी जरासं कोमट.”

“न्हाऊ घालून तीटकाजळ करायचं ऱ्हाईलं का?”

“काजळ नका घालू,” द्वारका हसली. “पर भुसकट नका काढू.”

गाडी गेली. मनकर्णाबाईनं मका टाकला, पाणी कोमट केलं. काठी मात्र लांबूनच फिरवली, आणि तीही श्वास धरून. एका दमात जेवढं होईल तेवढंच काम. दम संपला की बाहेर.

मग आली चंपाषष्ठी. त्या घराचं कुलदैवत साताऱ्याचा खंडोबा, शहरालगतच्या सातारा गावचा, डोंगराकडेचा. सटीला घर, ओसरी, अंगण सारवून काढायचं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य करायचा, तळी उचलायची, हा रिवाज पुंजारामच्या आजापासूनचा. आदल्या दिवशी मनकर्णाबाईनं शेणाची पाटी घेतली आणि घरापासून सुरुवात केली. घर झालं. अंगण झालं. सारवत सारवत ती अंगणाच्या टोकाला आली आणि समोर तो गोठा. जाळीआड त्या काळपट भुसकटाचा थर, वर पांढरी हिरवी शीट, त्यात पाय खुपसून उभ्या त्या बाया. देवाचा दिवस उद्यावर आणि दाराशी हे.

तिला वाटलं, द्वारकेनं आळशीपणाला शहाणपणाचं नाव दिलंय. घाण काढायचा कंटाळा, म्हणून म्हणे गादी. शेणानं रोग जातो हे मनकर्णाबाईला आईनं सांगितलेलं आणि आईला तिच्या आईनं. माणसं सारवलेल्या भुईवर जन्मली, त्याच भुईवर मेली. कोंबडीला काय धाड भरलीय?

तिनं नाकातोंडाला फडकं बांधलं. लुगड्याचा काचा वर खोवला, माळ चोळीच्या आत सारली, आणि खोरं घेऊन आत शिरली. वरचं भुसकट कोरडं होतं. खालून ओढलं की त्याला एक उबट, कुजकट वाफ यायची. दोनदा तिला ओकारी आली. दोनदा बाहेर जाऊन तुळशीपाशी उभी राहिली आणि परत आली. पाटीमागून पाटी उकिरड्यावर गेली. भुई उघडी पडली. मग तिनं पातळ शेणकाला केला आणि कोंबड्यांना एका कोपऱ्यात हाकलून सगळी भुई सारवली, मग तो कोपरा सारवला. वर बघितलं तर पत्र्याखालच्या फटीतून गार वारं येत होतं. शहाणी सून, फट ठेवून गेली. मनकर्णाबाईनं घरातला उरलेला बॅनर आणला. कुण्या होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता, हात जोडलेला, गळ्यात सोन्याचं. तो तिनं फटीवर ताणून बांधला. आता मुंगी शिरायला जागा नव्हती.

काम झालं आणि त्या गोठ्यात ती पहिल्यांदा पदर न लावता उभी राहिली. ओल्या शेणाचा सोवळा वास. तिला स्वतःवरच खूश व्हावंसं वाटलं. कोंबड्या मात्र ओल्या भुईवर एक पाय वर घेऊन उभ्या होत्या.

“घ्या,” ती त्यांना म्हणाली. “जरा माणसात आलात.”

*

सटीच्या सकाळी कारभारी अंधारातच कामाला गेलेला. मनकर्णाबाई रोडग्याचं पीठ मळायला काढून, कोमट पाणी घेऊन गोठ्याकडं आली. एरवी तिची चाहूल लागली की आत कलकलाट व्हायचा. आज नाही. तिनं दार ओढलं तर वरून मानेवर गार थेंब पडला. पत्र्याला आतून घाम फुटला होता. दुसरा थेंब. तिसरा. भुई काल होती तशीच ओली, उलट जास्तच. सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकीवर एक रचल्यासारख्या चढलेल्या. तिनं काठीनं ढीग मोडला. वरच्या लडखडत खाली आल्या. खालच्या चार आल्या नाहीत.

आणि मग तिला तो आवाज ऐकू आला. बारीक, फुरफुरता. कोंबड्या शिंकत होत्या. कोंबडीला शिंक येते हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. कुणाच्या नाकावर बुडबुडा होता, कुणाचा डोळा सुजून चिकटला होता.

तिला कळेना. वास तर शेणाचाच येत होता, चांगला. ती मेलेलीला उचलायला खाली वाकली, अगदी गुडघ्याइतकी, आणि कुणी डोळ्यांत मिरचीचं बोट घातल्यासारखी मागं सरली. खाली वेगळंच जग होतं. एसटी स्टँडच्या मुतारीचा तो वास, डोळ्यांत चुरचुरणारा, घशाला धरणारा. उभ्या माणसाच्या नाकाला सारवलेल्या घराचा, आणि कोंबडीच्या नाकाला मुतारीचा. रात्रभर. वरून झाकण ठेवून. झाकण तिनंच ठेवलेलं.

ती बाहेर येऊन भिंतीला टेकली. आयुष्यभर ज्या नाकाचा तोरा मिरवला, ते नाक तिनं एकदाही त्या पाखरांच्या उंचीला नेलं नव्हतं.

कुंपणापलीकडून सांडूनं डोकं वर काढलं. हा चुलत दीर. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला आंघोळ आणि घराला झाडू सणासुदीलाच लागायचा.

“काय वयनी, मेल्या काय?”

“तुला कोनी सांगितलं?”

“तुमची शी ऐकू आली नाय सकाळपासून. म्हनलं काय तरी बिघडलंय.” तो कुंपणावरून वाकला. “थंडीच हाय तसली. पान्यात टोपनभर देशी टाका. मी आजारी पडलो कधी, सांगा बरं?”

“तू निरोगी दिसतोस व्हय स्वतःला?”

“बरं, त्या चार काय करनार?”

“पुरनार.”

“पुरता कामून? थंडीनं मेल्यात, रोगानं नाय. पिसं काढून गरम पान्यात धुतल्या का काय कळतंय. सट हाय म्हना आज. उद्याच्याला खातो.”

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाठ केली. खोरं उचललं, उकिरड्यामागं खड्डा खणला, चौघींना त्यात टाकलं, वर चुना पसरला आणि माती लोटली. सांडू शेवटपर्यंत बघत होता, लग्नातलं ताट कुत्र्यापुढं टाकताना बघावं तसा.

मग तिनं फोन लावला. फोन ती कानापासून चार बोटं लांब धरायची, कारण तो कारभारीचा जुना, त्याच्या खिशात राहिलेला, आणि खिसा म्हणजे घाम.

“द्वारके.”

“बोला आत्याबाई. सट झाली का? नैवेद्य?”

“नैवेद्य कुठला. मी सारवलं.”

“घर?”

“घर बी.”



“भुसकट काढलं?” द्वारका म्हणाली.

“काढलं. वरून बॅनर बी बांधला.”

“किती?”

“चार. बाकीच्या शिंकू राहिल्या. डोळे चिकटलेत काहींचे.” मनकर्णाबाईनं फोन कानाला टेकवला. “शिव्या दे, पर लवकर दे. पीठ मळायचं ऱ्हाईलंय.”

“शिव्या काय द्यायच्या,” द्वारका म्हणाली. “वरचं फाडून टाका आधी. आत्ता. मंग ते ओलं सगळं खरवडून काढा. चुना भुरभुरवा, चुलीतली राख टाका, अन् वर कोरडं भुसकट, घोट्याइतकं. शिंकणाऱ्या वेगळ्या करा, उबेला ठेवा, डोळे कोमट पान्यानं पुसा. अन् आत्याबाई, बसून वास घ्या.”

“काय?”

“उभ्यानं कळत नाय. खाली बसायचं, कोंबडीएवढं व्हायचं. डोळे झोंबले म्हंजे अजून हवा पायजे. मी रोज बसते.”

“रोज बसतीस?”

“मला तुमच्यासारखं नाक नाय. लई वेळ बसावं लागतं.”

*

भुसकट गावात या दिवसांत सांडूच्याच खळ्यात होतं. मनकर्णाबाई कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मागणं तिच्या जिभेला येत नव्हतं, आणि सांडूला ते दिसत होतं.

“भुसकट?” तो म्हणाला. “हाय की. पर माझ्या म्हशीच्या तोंडचं काढून तुमच्या कोंबड्यांच्या बुडाखाली घालू?”

“घाल.”

“त्या चार तरी द्यायच्या होत्या मंग.”

“उकर अन् घे. चुना पडलाय, जरा जपून खा.”

सांडू हसला. हसताना त्याचे दात दिसले आणि तिनं नजर वर, बाभळीकडं नेली. पण भुसकटाच्या दोन मोटा त्यानं स्वतः कुंपणावरून टाकल्या, आणि तिसरीही टाकली.

दुपारपर्यंत ती त्या गोठ्यात होती. हात जोडलेला पुढारी आधी फाडला. वारं आत आलं, पत्र्याचा घाम थांबला. ज्या हातानं प्रेमानं सारवलं त्याच हातानं ती भुई खरवडली. ओलं शेण आता शेण राहिलं नव्हतं. त्यात शीट मिसळून एक हिरवट लगदा झाला होता, तो नखांत शिरला, कोपरापर्यंत आला, एकदा कपाळावरची माशी हाकताना भुवईलाही लागला. तिनं पुसलं नाही. पुसायला स्वच्छ असं काही अंगावर उरलंच नव्हतं. देवाचा नैवेद्य घरात तसाच, ऊन डोक्यावरून कललं. ती मनातल्या मनात खंडोबाला म्हणाली, बाबा, आज जरा सोस, तू डोंगराकडेला राहतोस, तुझ्याकडं वारं चांगलं असतं.

आजारी कोंबड्यांना कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. उबेची जागा घरात एकच, ओसरीत, चुलीच्या भिंतीला लागून. तिनं बराच विचार केला. मग डालगं आणून पालथं घातलं, वर गोणपाट टाकलं, एका बाजूनं ते उचलून ठेवलं, आणि एकेक कोंबडी आत सारली. एकेकीला आधी मांडीत दाबून, कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंधीनं डोळे पुसले. चिकटलेला पू आधी सुटायचा नाही, मग एकदम सुटायचा आणि दोऱ्यासारखा चिंधीबरोबर यायचा. त्या पुवाखालून जो गोल, कोरडा, बिनकामाचा डोळा तिच्याकडं बघायचा त्यात उपकाराचा मागमूस नसायचा. एकीनं पुसून झाल्यावर तिच्या मांडीवरच शिटलं.

“हो,” मनकर्णाबाई तिला म्हणाली. “तेवढंच ऱ्हाईलं होतं.”

संध्याकाळी तिनं मका टाकला, आणि दार ओढायच्या आधी भुसकटावर बसली. नाक खाली नेलं. डोळे मिटले. किळस अंगभर पसरू दिली, नेहमीसारखी ढकलली नाही. धूळ, पीस, मका, उबट अंग, आणि त्याखाली अगदी पुसट असं ते चुरचुरणं. तिनं उठून खालच्या बॅनरची एक गाठ सोडली, पुन्हा बसली, पुन्हा हुंगलं. मग बाहेर आली आणि पहिल्या पाण्यानं आंघोळ केली, दुसऱ्या पाण्यानं पुन्हा केली, आणि मग कुठं देवापुढं दिवा लावला.

कारभारी आला तो ओसरीतच थबकला. डालग्याखाली खुरखुर चालली होती.

“हे काय, माय? घरात?”

“आजारी हायेत.”

“मेल्या किती?”

तिनं सांगितलं. तो बूट काढत होता; त्या बुटांचा वास ओसरीत पसरला आणि ती नेहमीसारखी उठून गेली नाही, यावरून त्याला काय कळायचं ते कळायला हवं होतं. पण तो थकलेला होता, आणि आतून जरा सुटल्यासारखाही.

“ठरलं होतं आपलं,” तो म्हणाला. “उद्या मला सुट्टी हाय. कोंबड्या घेणाऱ्या बद्रीनाथला बोलावतो टेम्पो घेऊन. निम्म्या मरायच्या आधी काढून टाकू. खोलीवाल्याला फोन करतो.”

“हिवाळा निघाल्यावर ठरायचं होतं.”

“माय, तुलाच त्यांची शिसारी. तू कामून भांडू राहिली?”

याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं असं नाही. पण ते एका विटेचं होतं, आणि मुलापुढं तोंडातून काढवत नव्हतं. ती डालग्यावरचं गोणपाट सारखं करायला गेली.

*

बद्रीनाथ सकाळी ऊन अंगणात येता येता आला. गळ्यात मफलर, पायात रबरी चपला, टेम्पोत प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या. पेट्या त्यानं उतरवल्या तेव्हा त्यांच्या फटीत वाळलेलं रक्त आणि पिसं अडकलेली मनकर्णाबाईला ओसरीतून दिसली. तो गोठ्यात शिरला, एकदोघींना उचलून वजन बघितलं आणि बाहेर आला.

“माल चांगला हाय,” तो कारभारीला म्हणाला. “आत कोरडं बी ठेवलंय. एवढ्या थंडीत लोकांचं शेड म्हंजे नाक धरून जावं लागतं. कोन बघतं?”

कारभारीनं मायकडं बघितलं.

बद्रीनाथची नजर ओसरीत गेली. “त्या डालग्याखाली काय? त्या बी टाका.”

“त्या आजारी हायेत,” कारभारी म्हणाला. “शेंबूड येतोय.”

“येऊ द्या की. शेंबडी कोंबडी तर्रीत पडली का बरी व्हती.” तो स्वतःच हसला. “तसल्या मी फाट्यावर देतो, चिंचेखालच्या धाब्याला. त्याचं काय नसतं. परवा एकाकडच्या मेलेल्या बी घेतल्या त्यानं, गरम होत्या म्हनून. तुम्ही कंपनीवाले तर तिथंच बसता की सुट्टीला. मागं बघितलं मी तुम्हाला. हाडं चोखू राहिले होते.”

कारभारीचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या, मग ओठ. तो नळापाशी गेला, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि बोट घशात घालून वाकला. मनकर्णाबाई बघत होती. मुलाला अशी किळस आलेली ती जन्मात पहिल्यांदा बघत होती, आणि तिला वाटलं, आहे, पोरात आपलं थोडं आहे.

ती ओसरीतून उतरली आणि बद्रीनाथच्या पेट्यांपाशी जाऊन उभी राहिली, पेटीला लुगडं लागणार नाही इतक्या अंतरावर.

“हे उचल,” ती म्हणाली.

“मावशी, सौदा झालाय.”

“माझ्याशी झाला का? काल यांचे डोळे मी पुसले. हा पू मी बोटानं काढला. तो लोकाच्या पोरांच्या ताटात जानार, अन् ते बोटं चाटनार, अन् मी इथं बसून भाकरी खायची? उचल बाबा. मला मळमळतंय, माझ्या तोंडून वंगाळ निघंल.”

“कारभारी, सांगा ना मायला,” बद्रीनाथ म्हणाला.

कारभारी नळावरून तोंड पुसत आला. डोळ्यांत पाणी होतं. “ऱ्हाऊ दे बद्रीभाऊ,” तो म्हणाला. “अन् त्या चिंचेखाली मी आलो होतो ते गावात बोलू नको.”

टेम्पो रिकामा गेला. मायलेकरांपैकी कुणीच राग दाखवला नाही; अंगणात एक जण या कडेला, एक त्या. शेवटी कारभारीनं विचारलं, “मंग खोलीवाल्याला काय सांगू? तो आज सांगा म्हनला होता.”

“सांग, माय घाणीत बसली हाय, तिला सवड नाय.”

“सगळ्या मेल्या तर?”

“मंग बघू. निघाला तर हिवाळा निघंल. मी आत हाय तवर वरची फट कोनी बंद करनार नाय, एवढं खरं.”

डालग्याखालच्या दोन त्यानंतरही गेल्या. बाकीच्यांचे डोळे उघडले आणि मनकर्णाबाईनं त्यांना एका सकाळी ओसरीतून हाकलून, ओसरी तीनदा धुऊन घेतली. थंडी वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली. संक्रांत होऊन गेली. वाळूजची ती खोली कुण्या जळगावकडच्या जोडप्यानं घेतली असं कारभारी एकदा जेवताना सहज बोलला, आणि मायनं त्याच्या ताटात न मागता एक भाकरी वाढली.

द्वारका लेकीला घेऊन आली तेव्हा उन्हं कडक व्हायला लागली होती. लेकरू पाळण्यात टाकून ती आधी गोठ्याकडं गेली. मनकर्णाबाई आत भुसकटावर बसलेली, डोळे मिटून, नाक खाली, चेहरा कुणीतरी एरंडेल पाजल्यासारखा.

“आत्याबाई, उठा आता,” द्वारका दारातून म्हणाली. “मी बघते. तुम्हाला किळस येती.”

“येतीच. रोज येती. सकाळी येती अन् सांजच्याला जास्त येती.” मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. एक कोंबडी तिच्या पायात आली, ती तिनं बोटाच्या टोकानं बाजूला सारली आणि बोट लुगड्याला पुसलं. “तू लेकराला पाज. अंगाला वास लावून त्याच्यापाशी जाऊ नको. आन् पलीकडच्या कोपऱ्यात पान्याचं भांडं गळू राहिलंय, तिथलं भुसकट ओलं झालंय. कारभारीला म्हनावं, जेवायच्या आधी ते काढ.”